युवराजाचे घर

आपल्या कहाण्यांतल्या राजपुत्राचे एक बरे असते. त्याला घराची ओढ नसते. सोळा वर्षांचा झाला की तो कमरेला तलवार लटकावतो, घोड्यावर टांग टाकतो आणि सात समुद्रांपलीकडची राजकन्या आणायला निघतो. तो परतला की नगरात गुढ्यातोरणे लागतात आणि कहाणी साठा उत्तरी सुफळ संपूर्ण होते. लहानपणी हा राजपुत्र रात्री कुणाच्या कुशीत झोपत होता, तापाने फणफणला तेव्हा त्याच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी कुणी ठेवली, हे कहाणी सांगत नाही. ऐकणारी मुलेही विचारीत नाहीत. त्यांना ते ठाऊकच असते. आई असते, ती ठेवते.

मला ज्या राजपुत्राविषयी लिहायचे आहे त्याची कहाणी नेमकी उलटी आहे. इतर राजपुत्र घर सोडून निघतात. हा बिचारा घराकडे निघाला, आणि तिथवर पोहोचायला त्याला पंचवीस-सव्वीस वर्षे लागली. त्याचे नाव अकिहितो. पुढे तो जपानचा सम्राट झाला. पण माझे मन गुंतते ते त्याच्या युवराजपणात. शिवाय मी त्याच्या लहानपणाची हकीकत एकेरीत सांगणार आहे. आपल्याकडे मुलाला ‘अरे’ म्हणणे हे मायेचे लक्षण आहे, आणि वाचकहो, त्या मुलाच्या भोवती सर्व काही होते. उणीव होती ती रोज उठून ‘अरे’ म्हणणाऱ्या माणसाचीच.

त्याचा जन्म २३ डिसेंबर १९३३ चा. सम्राट हिरोहितो आणि सम्राज्ञी नागाको यांना आधी चार मुली झालेल्या. वारस हवा म्हणून दरबारातली जुनी मंडळी हवालदिल झाली होती. जुन्या रिवाजाप्रमाणे दुसरी स्त्री करावी असे सुचवून झाले होते आणि सम्राटाने ते मानले नव्हते. त्या पहाटे टोकिओत भोंगा वाजला. एकदा वाजला तर मुलगी, दोनदा वाजला तर मुलगा, असा संकेत ठरला होता. भोंगा एकदा वाजून थांबला आणि मग पुन्हा वाजला! त्या दोन भोंग्यांच्या मधल्या क्षणात सारे शहर कसे श्वास रोखून उभे असेल, याची कल्पना करून पाहावी. आपल्याकडेही दाराबाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या आजोबांनी असे क्षण पुष्कळ काढले आहेत.

एवढ्या नवसासायासाने झालेला हा मुलगा आईजवळ राहिला किती? उणीपुरी तीन वर्षे. १९३७ साली त्याला वेगळ्या वाड्यात नेण्यात आले. तिथे दरबारी अधिकारी होते, सेवक होते, डॉक्टर होते. आईबापांची भेट आठवड्यातून एकदा. पाठचा भाऊ मासाहितो, तोही पुढे वेगळ्याच घरात वाढला. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. आईबापांच्या लाडाने राजाचा मुलगा बिघडतो, त्याला परक्या आणि कडक हातांनीच घडवले पाहिजे, अशी पक्की समजूत होती. स्वतः हिरोहितो तर जन्मानंतर सत्तर दिवसांतच एका वृद्ध दर्यासारंगाच्या घरी पाठवले गेले होते. ज्याला घर मिळाले नाही असा बाप आपल्या मुलाला घर देऊ शकला नाही, इतकी ती साधी गोष्ट होती. रूढी बहुधा अशीच चालते. तिला पुढे ढकलणारे हात क्रूर नसतात. त्यांना दुसरे काही माहीतच नसते.

मग युद्ध आले. टोकिओवर बाँब पडू लागतील या धास्तीने १९४४ साली शाळकरी मुलांना शहराबाहेर हलवण्यात आले आणि त्यांच्याबरोबर युवराजालाही. आधी नुमाझू, मग निक्को, शेवटी निक्कोच्या वरचे युमोतो हे डोंगरातले गाव. आईबाप टोकिओतच होते. १० मार्च १९४५ च्या एका रात्रीत त्या शहरात लाखाच्या आसपास माणसे जळून मेली. ऑगस्टमध्ये हिरोशिमा झाले, नागासाकी झाले, आणि १५ तारखेला त्या डोंगरातल्या एका हॉटेलात, अकरा वर्षांच्या मुलाने रेडिओवर आपल्या वडिलांचा आवाज ऐकला. जपानच्या प्रजेने सम्राटाचा आवाज असा प्रथमच ऐकला. मुलालाही पराभवाची बातमी बापाच्या तोंडून, पण प्रजेबरोबर, रेडिओवरच कळावी, याइतके त्या नात्याविषयी बोलके दुसरे काय असणार?

पुढच्या महिन्यात, ९ सप्टेंबरला, बापाने मुलाला पत्र लिहिले. आपण का हरलो, हे त्यात सांगितले होते: आपल्या लोकांनी आपल्या साम्राज्यावर फाजील भरवसा ठेवला, इंग्रज-अमेरिकनांना तुच्छ लेखले, आपल्या सेनापतींनी मनोबलाचा उदो उदो केला आणि विज्ञानाचा विसर पडू दिला. हे पत्र जगापुढे यायला चाळीस वर्षे लागली. मला त्यात सम्राटापेक्षा बापच जास्त दिसतो. घरातला व्यवहार बुडाला की बाप थोरल्या मुलाला जवळ बसवून हिशेब सांगतो, तसे ते पत्र आहे. फरक इतकाच की इथे बुडाले होते ते राज्य, आणि जवळ बसवायला मुलगा जवळ नव्हता.

नोव्हेंबरात मुलगा टोकिओस परतला तेव्हा शहराच्या जागी राखरांगोळी होती. १ जानेवारी १९४६ रोजी सम्राटाने आपण देव नसल्याचे जाहीर केले. ३ मे १९४७ पासून नवी राज्यघटना लागू झाली. तिच्या पहिल्याच कलमात सम्राट हा राष्ट्राचे आणि जनतेच्या ऐक्याचे प्रतीक ठरला, आणि सत्ता जनतेची झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात राजघराण्याच्या अकरा शाखांतली एकावन्न माणसे एका दिवसात सामान्य नागरिक झाली. कालपर्यंतचे राजपुत्र शिधापत्रिकेच्या जगात आले. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने हे सारे पाहावे आणि आपण आता नेमके कोण, हे त्याला कुणी सांगू नये, अशी ती वेळ होती.

अशा वेळी त्याच्या आयुष्यात एक बाई आल्या. आपल्या मराठी शाळेतल्या अर्थानेच ‘बाई’ म्हणतो. एलिझाबेथ ग्रे व्हायनिंग या फिलाडेल्फियाच्या; मुलांसाठी पुस्तके लिहिणाऱ्या, युद्धालाच विरोध असणाऱ्या क्वेकर पंथाच्या. अमेरिकेचे शिक्षणमंडळ जपानला आले असता खुद्द सम्राटाने आपल्या मुलासाठी अमेरिकन शिक्षिका मागितली होती. जिंकणाऱ्याने लादलेली नव्हे, हरलेल्याने मागून घेतलेली. ऑक्टोबर १९४६ मध्ये बाई आल्या आणि १९५० पर्यंत राहिल्या.

वर्गात पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येक मुलाला एकेक इंग्रजी नाव दिले. युवराजाच्या वाट्याला आले जिमी. त्या मुलाने तत्काळ नाकारले. आपण युवराज आहोत, असे त्याने सांगितले. बाईंनी शांतपणे मान्य केले की ते तर खरेच, पण या वर्गापुरते नाव जिमी. मुलगा क्षणभर थबकला, मग हसला, आणि सगळा वर्ग खुलला. ही हकीकत बाईंनी पुढे आपल्या ‘विंडोज फॉर द क्राउन प्रिन्स’ या १९५२ च्या पुस्तकात सांगितली आहे. आयुष्यात एकदा तरी या मुलाला इतर मुलांच्या बरोबरीने बसता यावे, एवढाच त्यांचा हेतू होता.

मी पुष्कळ वर्षे वर्गात हजेरी घेत आलो आहे. नाव पुकारले की मुलाच्या चेहऱ्यावर काय उमटते ते मला ठाऊक आहे. काहींना आडनावाचे ओझे असते, काहींना बापाच्या हुद्द्याचे. एखाद्या पुढाऱ्याचा मुलगा ‘हजर’ म्हणतो तेव्हाही त्यात थोडा बाप असतो. म्हणून त्या मुलाच्या नकाराचे मला हसू येत नाही. ‘मी युवराज आहे’ यात तोरा नव्हता. त्याच्याजवळ ‘मी’ची दुसरी काही खूणच नव्हती. कुणाचा लाडका, कुणाचा खोडकर दादा, अमक्या गल्लीतला उंच पोरगा, अशी आपल्याला दहा नावे असतात आणि ती सारी घरात आणि अंगणात मिळालेली असतात. त्याच्याकडे एक पदवी होती. तीही गेली तर हाती काय उरणार? व्हायनिंगबाईंनी त्याला पदवीवाचूनही राहता येते हे दाखवले, आणि जाताना मुलांना बजावले ते हेच, की आपला विचार आपण करायला शिका.

पण इतिहास त्याला जिमी होऊन राहू देणार नव्हता. २३ डिसेंबर १९४८ रोजी तो पंधरा वर्षांचा झाला. त्याच दिवशी, मध्यरात्र उलटताच, टोकिओच्या सुगामो तुरुंगात माजी पंतप्रधान तोजो आणि आणखी सहा जणांना युद्धगुन्हेगार म्हणून फाशी देण्यात आले. ज्या खटल्यात ही शिक्षा झाली त्याच्या अकरा न्यायाधीशांत आपले राधाबिनोद पाल होते, आणि सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारा निकाल देणारे ते एकटेच होते. न्यायाची ती चर्चा मोठी आहे, ती इथे नको. मला दिसतो तो तो पंधरा वर्षांचा मुलगा. आपल्या घरी वाढदिवसाला ओवाळतात, पायसाची वाटी पुढे येते. त्याच्या जन्मतिथीला ही आठवण कायमची चिकटली. बापाच्या नावाने लढलेल्या युद्धाचा हिशेब असा मुलाच्या वहीत मांडला गेला.

तो पेलायला त्याला दुसरे गुरू मिळाले, शिंझो कोइझुमी. अर्थशास्त्राचे पंडित, केइओ विद्यापीठाचे माजी प्रमुख. १९४२ साली त्यांचा एकुलता एक मुलगा नौदलात कामी आला होता आणि १९४५ च्या हवाई हल्ल्यात त्यांचा स्वतःचा चेहरा भाजून विद्रूप झाला होता. युद्धाने ज्याचे असे सर्वस्व नेले तो माणूस त्याच सम्राटाच्या मुलाला शिकवायला रोज समोर बसत होता. दोघांनी मिळून इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जचे चरित्र वाचले. सत्ता नसलेल्या राजाने आपले काम कसे करावे, हा धडा त्यातून घ्यायचा होता. पुस्तकातून धडा मिळालाच असेल. पण माझी समजूत अशी की, खरा धडा समोरच्या चेहऱ्यावर लिहिलेला होता.

आता जरा हसण्यासारखी गोष्ट. १९५२ साली, हायस्कूलच्या शेवटच्या परीक्षेच्या दिवसांत, हा युवराज दोघा मित्रांबरोबर पहारेकऱ्यांना चुकवून टोकिओच्या गिंझा पेठेत हिंडायला गेला. तिथे त्याने केले काय? कॉफी प्यायली! इकडे पोलिसांची धावपळ उडाली. आपल्याकडे परीक्षा संपली की मुले डेक्कनवर नाहीतर शिवाजी पार्कावर टोळक्याने भटकतात आणि घरी कुणाला त्याची खबरही नसते. त्या कपभर कॉफीचे त्याला किती अप्रूप वाटले असेल!

त्याच वर्षी १० नोव्हेंबरला समारंभपूर्वक तो सज्ञान युवराज झाला. आता मात्र मला ‘ते’ म्हटले पाहिजे. १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणासाठी ते आपल्या वडिलांचे प्रतिनिधी म्हणून इंग्लंडला गेले. जपानी छावण्यांत हालअपेष्टा सोसलेले सैनिक तिथे घरोघर होते; स्वागत सगळीकडे हसतमुख नव्हते. एकोणीस वर्षांच्या तरुणाला लोकांच्या डोळ्यांतला राग प्रथमच समोरासमोर वाचावा लागला. अमेरिका-युरोपातले देश पाहून ते सहा महिन्यांनी परतले, तेव्हा विद्यापीठात त्यांची हजेरी कमी पडली होती. पुढे ते नुसते श्रोता म्हणून वर्गात बसत राहिले आणि पदवी न घेताच बाहेर पडले. युवराज म्हणून कुणी हजेरी भरून दिली नाही, याबद्दल प्राध्यापक या नात्याने मला त्या विद्यापीठाचे कौतुक वाटते. नवा काळ येतो तो कधी कधी असा हजेरीपटातूनही येतो.

मग १९५७ चा ऑगस्ट. कारुइझावा या थंड हवेच्या गावी टेनिसची स्पर्धा होती. दुहेरी सामन्यात युवराजांची जोडी हरली. हरवणाऱ्या जोडीतली मुलगी होती मिचिको शोदा, इंग्रजी वाङ्मयाची पदवीधर, निश्शिन या पिठाच्या मोठ्या कंपनीच्या अध्यक्षांची कन्या. आपल्या बोलीत सांगायचे तर गिरणीवाल्याची मुलगी. मात्र गिरणी अर्थात कोपऱ्यावरची नव्हे. राजघराण्यातल्या वा सरदार घराण्यातल्या मुलीशीच युवराजाने लग्न करायचे, ही शतकांची चाल. दरबारातल्या मानकरी स्त्रियांना हे स्थळ पसंत नव्हते. मिचिकोच्या घरच्यांनीही आधी नकार दिला. एवढ्या उंबऱ्याच्या आत मुलगी द्यायची कुणाला भीती वाटणार नाही? युवराज टेलिफोनवरून समजूत घालत राहिले. आई-वडिलांपासून दूर वाढलेला हा तरुण तिला काय सांगत असेल याचा तर्क मी करीत नाही. पण २७ नोव्हेंबर १९५८ रोजी राजघराण्याच्या मंडळाने या विवाहाला मान्यता दिली, आणि १० एप्रिल १९५९ रोजी लग्न लागले. मिरवणूक पाहण्यासाठी रस्त्यांवर पाच लाखांहून अधिक माणसे उभी होती. त्या समारंभासाठी लोकांनी टेलिव्हिजन घेतले; परवान्यांची संख्या त्याच महिन्यात वीस लाखांवर गेली. साप्ताहिकांना तर सुगीच आली. गर्दीतून एक तरुण दगड भिरकावीत घोडागाडीवर चढला, हेही घडले. काळ बदलतो तेव्हा एकाच रस्त्यावर फुले आणि दगड दोन्ही असतात.

इथवरची हकीकत वर्तमानपत्रांची आहे. माझ्या लेखी खरी गोष्ट पुढेच आहे. २३ फेब्रुवारी १९६० रोजी त्यांना मुलगा झाला, नारुहितो. आणि या बापाने ठरवले की मूल आपल्याजवळ राहील. दाईचे दूध नाही, वेगळा वाडा नाही, आठवड्याची भेट नाही. मिचिकोंनी त्याला स्वतः पाजले. नव्या घरात त्यांच्यासाठी स्वयंपाकघर होते. मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा त्या डबाही करीत. त्याच वर्षी सप्टेंबरात दोघांना अमेरिकेच्या दौऱ्यावर जावे लागले, तेव्हा मिचिकोंनी दाईसाठी सूचना लिहून ठेवल्या. त्यातली एक अशी की, दिवसातून एकदा तरी बाळाला नीट पोटाशी धरावे. त्या कागदांना जपानी लोकांनी कौतुकाने बाळाची ‘राज्यघटना’ म्हटले. नाव विनोदाने दिले, पण मला ते अगदी नेमके वाटते. १९४७ ची घटना देशासाठी होती आणि ती परक्यांच्या देखरेखीखाली तयार झाली. ही घरातली घटना त्या दोघांची होती, आणि तिचे पहिले कलम होते पोटाशी धरणे.

नोव्हेंबरात हे जोडपे भारतात आले. ३० नोव्हेंबर १९६० रोजी युवराजांनी दिल्लीला इंडिया इंटरनॅशनल सेंटरची कोनशिला बसवली. देशोदेशींच्या माणसांनी एकत्र बसून बोलावे अशा वास्तूचा तो पाया. नऊ महिन्यांचे बाळ तेव्हा टोकिओत होते. कोनशिला बसवणाऱ्या हातांना त्या वेळी त्याची आठवण झालीच असेल. कुठल्याही बापाला झाली असती.

सगळेच गोड झाले असे नव्हे. मिचिकोंनी त्या वाड्यात फार सोसले. १९९३ साली मासिका-साप्ताहिकांतल्या टीकेच्या भडिमारानंतर त्यांची वाचा काही महिने गेली होती. साप्ताहिकाच्या पानावर लिहिताना ही गोष्ट विसरू नये. आणि १९४७ च्या कायद्याने सिंहासन पुरुषांसाठीच राखले ते तसेच राहिले. नव्या काळाने दार उघडले, पण ते सताड नव्हे.

तरीही घर मिळालेला माणूस काय करू शकतो, ते पुढे दिसले. १९७५ साली ओकिनावात युद्धात मेलेल्या मुलींच्या स्मारकापाशी युवराजांवर पेटता बाँब फेकला गेला. ते तिथे पुन्हा पुन्हा जातच राहिले. १९८१ साली त्यांनी सांगितले की, जपान्यांनी चार तारखा विसरता कामा नये: ओकिनावातली लढाई संपल्याची २३ जून, हिरोशिमाची ६ ऑगस्ट, नागासाकीची ९ ऑगस्ट आणि युद्ध थांबल्याची १५ ऑगस्ट. १९८९ साली ते सम्राट झाले. १९९१ मध्ये उनझेन ज्वालामुखी भडकला तेव्हा ते व सम्राज्ञी निर्वासितांच्या छावणीत गेले आणि जमिनीवर गुडघे टेकून लोकांशी बोलले. ज्यांच्या वडिलांकडे मान वर करून पाहण्याचीही प्रजेला सोय नव्हती, त्यांनी जमिनीवर बसावे हे जुन्या लोकांना रुचले नाही. वर्गात जिमी होऊन बसलेल्या मुलाला मात्र ते जमले. ३० एप्रिल २०१९ रोजी, वयोमानाने काम झेपत नाही असे मोकळेपणी सांगून, ते पायउतार झाले. जपानमध्ये दोनशे दोन वर्षांत कुठल्याही सम्राटाने असे केले नव्हते. गादीवर आले ते नारुहितो, ज्यांना रोज पोटाशी धरावे अशी लेखी ताकीद होती ते बाळ.

६ सप्टेंबर २०२५ रोजी अकिहितोंचे नातू हिसाहितो यांचा सज्ञान झाल्याचा समारंभ झाला. आजोबांच्या काळी राजघराण्यातल्या मुलांनी सरदारांच्या शाळेतच जायचे. हा मुलगा इतर शाळांतून शिकला आणि एप्रिल २०२५ मध्ये त्सुकुबा विद्यापीठात जीवशास्त्र शिकायला गेला. आजोबांनी आयुष्यभर गोबी जातीच्या माशांचा अभ्यास केला, नातवाला चतुरांचे वेड. पुढे सिंहासनाची जबाबदारी त्याच्यावर येण्याचा संभव आहे, आणि त्याच्या पिढीत ती वाटून घ्यायला दुसरा मुलगा नाही. त्याचा काळ सोपा नाही.

पण चतुर पकडून आणलेल्या मुलाला ते दाखवायला घरात माणसे होती. दिवाळीच्या पहाटे आपली मुले उटण्याच्या वासाने कुरकुरत उठतात, आई कानामागे तेल चोळते, बाप बंबात ढलपे टाकतो, नाहीतर गीझरचे बटण दाबतो, आणि मूल म्हणते, ‘थोडं झोपू दे ना!’ आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही. टोकिओतल्या एका मुलाला तीन वर्षांचा असताना हे नाकारले गेले, आणि मोठेपणी, अडीच हजार वर्षांची परंपरा सांगणाऱ्या घराण्यात, त्याने ते आपल्या मुलासाठी मागून घेतले. कुरकुरणाऱ्या मुलाला हाक मारताना या दिवाळीत मला त्याची आठवण येईल.